पोरखेळ कोणाचा?

शास्त्र म्हणजे गंभीर मुद्रा, हा आमच्या सुशिक्षित समाजाचा एक आवडता समज आहे. देवघरांत मोठ्यानें हंसलेलें जसें चालत नाहीं, तसें प्रयोगशाळेंतहि चालूं नये, असें या मंडळींस मनापासून वाटतें. अतिसूक्ष्म पदार्थांचे अभ्यासक अणूंचीं अक्षरें मांडतात, रेणूंच्या बाहुल्या करतात, हें वाचून त्यांच्या कपाळास आठी पडते, "एवढ्या खर्चांत हा पोरखेळ कशाला?" असा त्यांचा सवाल असतो. या आक्षेपाचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून जी मुलें तो ऐकतात, त्यांनाच उद्यां शास्त्र शिकावयाचें आहे.

प्रथम हा खेळ किती सोपा, तें पाहूं. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केंस सुमारें ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. या मापाच्या जगांत काम करावयाचें तर यंत्रांतील हवा काढण्यासाठीं तें दिवसचे दिवस तापवावें लागतें, मग द्रवरूप हेलियमनें गारठवावें लागतें. टंगस्टनच्या सुईचें टोंक बिघडलें कीं सारें मुसळ केरांत! रस्त्यावरील वाहनांचा धक्काहि यंत्रास सोसवत नाहीं; म्हणून कित्येक जण रात्रीं जागून काम करतात. पोरखेळ इतका कष्टाचा असतो काय?

१९८९ सालीं डॉन आयग्लर यांनीं कॅलिफोर्नियांतील आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेंत झेनॉनचे ३५ अणु एकेक सरकवून कंपनीचीं तीन अक्षरें लिहिलीं. आक्षेपक म्हणतील, ही जाहिरात झाली. झाली, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु त्याच आयग्लर यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं तांब्यावर लोखंडाच्या ४८ अणूंचें रिंगण मांडलें, आणि आंत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या लहरी जगास दाखविल्या. तोंवर त्या लहरी विद्यार्थ्यांस समीकरणांतच भेटत. धुळाक्षरें गिरविल्यावांचून कोणी ग्रंथ लिहिला आहे काय?

पॉल रॉथेमुंड यांनीं २००६ सालीं डी.एन.ए.चा लांब धागा आंखूड तुकड्यांच्या टांक्यांनीं दुमडून सुमारें १०० नॅनोमीटरचे हंसरे चेहरे घडविले. चेहराच कां? त्याचा कांहींएक उपयोग नाहीं, म्हणूनच! ज्या रीतीनें हंसरा चेहरा घडतो, तिनें मनांत येईल ती आकृति घडेल, हें सिद्ध करण्यास याहून चोख पुरावा कोणता? टेक्ससमधील राइस विद्यापीठांत जेम्स टूर यांनीं २००३ सालीं सुमारें दोन नॅनोमीटर उंचीचे मानवाकृति रेणु बनविले, आणि गलिव्हरच्या प्रवासांतील लिलिपुटवासीयांवरून त्यांचें नांव ठेविलें. मुलांना रसायनशास्त्राची गोडी लागावी, हाहि त्यांत हेतु होता. आमच्याकडे हेंच शास्त्र सूत्रें घोकवून शिकविलें जातें, आणि मग मुलांना तें रुक्ष वाटतें म्हणून आम्हीच हळहळतों!

या चित्रांत निर्दोष असें सर्व नाहीं, हें सांगणें मात्र आमचें कर्तव्य आहे. सूक्ष्मदर्शकाची सुई रंग पाहत नाहीं. ती विद्युत्प्रवाह व त्यावरून उंचसखलपणा मोजते. निळे-सोनेरी रंग मागाहून संगणकावर भरलेले असतात. हें न सांगतां, आणि आकाराची प्रमाणरेषा न देतां जो चित्र छापतो, तो वाचकास फसवितो. आक्षेपकांचा रोष या लबाडीवर असता, तर आम्ही त्यांच्या बाजूस उभे राहिलों असतों. पण रंगीत चित्र भिंतीवर लावावयाचें, रंग खरा कीं खोटा हें विचारावयाचें नाहीं, आणि तें काढणाऱ्यास मात्र पोरकट म्हणावयाचें, हा कोठला न्याय?

तेव्हां वडीलधाऱ्यांस आमचें सांगणें इतकेंच आहे. मुलगा असें चित्र घेऊन आला, तर त्याला गप्प बसवूं नका. तें किती मोठें, तें कसें काढलें, त्यांतील रंग कोणी भरला, हे तीन प्रश्न त्याला विचारा. उत्तरें शोधतां शोधतां तो जें शिकेल, तें आमच्या गंभीर मुद्रेनें त्याला कधींच शिकविलें नसतें.