ओढ वाढवायची तर मोटर बदला
अमेरिकेत केस कंपनीने १९६४ मध्ये कोल्ट ही कंपनी विकत घेतली आणि तिच्या छोट्या ट्रॅक्टरांतली तेलाच्या दाबावरची ड्राइव्ह पुढे चालवली. इंजिन पंप फिरवते, पंपाचे तेल मोटर फिरवते, मोटर मागची चाके. ओढ कमी पडली की हौशी मालकाचा हात आधी दाबाची मर्यादा ठरवणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हकडे जातो. दाब वाढवला की ओढ वाढते खरी. पण तेल तापते, सील जातात, आणि नळीच्या बारीक छिद्रातून उडालेले तेल थेट कातडीत घुसते. हा धोका पत्करू नये. त्यापेक्षा प्रत्येक फेरीला जास्त तेल घेणारी मोटर बसवावी. तेवढ्याच दाबात जास्त पीळ मिळतो. वेग घटतो, पण नांगरटीला तो फारसा लागतच नाही. मात्र चाके जागीच घसरत असतील तर आधी वजने आणि टायर बघावेत.