चिनी साहित्यातील बालक

चीनमध्ये कित्येक शतके मुलांच्या शिक्षणाचा श्रीगणेशा एका लहानशा पुस्तकाने होत असे. त्याच्या प्रत्येक चरणात तीनच चिनी अक्षरे असत. म्हणून त्याला 'त्रिअक्षरी' असेच नाव पडले. परंपरेने ते तेराव्या शतकातील विद्वान वांग यिंगलिन ह्यांच्या नावावर सांगितले जाते. अर्थ कळो वा न कळो, पाढे म्हणावेत तशी मुले ते एका सुरात घोकून पाठ करीत.

ह्या पुस्तकात मुलांपुढे मुलांचेच आदर्श ठेवले आहेत. चार वर्षांचा कोंग रोंग फळे वाटून घेताना मोठी फळे भावांसाठी सोडतो आणि स्वतः लहान घेतो. नऊ वर्षांचा हुआंग श्यांग कडाक्याच्या थंडीत आधी स्वतः अंथरुणात शिरून ते उबदार करतो आणि मग वडिलांना निजावयास बोलावतो. अशीच एक प्रसिद्ध गोष्ट पुढे इतिहासकार झालेल्या स्स-मा क्वांग ह्यांच्या बालपणाची आहे. खेळता खेळता एक सवंगडी पाण्याने भरलेल्या मोठ्या रांजणात पडला. बाकीची मुले घाबरून पळाली. ह्या मुलाने मात्र दगड उचलून रांजणच फोडला आणि सवंगड्याचे प्राण वाचविले.

ह्या गोष्टी चांगल्या आहेत, आणि रांजणाची गोष्ट तर कोणत्याही देशातील मुलाला आवडावी अशी आहे. परंतु एक उणीव लक्षात आल्यावाचून राहत नाही. ही मुले कधी रुसत नाहीत, भांडत नाहीत, रडत नाहीत. मोठे फळ खावे असे कोंग रोंगला क्षणभर तरी वाटले की नाही, हे कोणी सांगत नाही. वाटलेच नसेल, तर ते सोडण्यात त्याचा मोठेपणा तो कोणता? ही लहान मुले नव्हेतच; लहान अंगरखे घातलेली ती प्रौढ माणसे आहेत.

पुढे युआन राजवटीच्या काळात गुओ जुजिंग नावाच्या लेखकाने मातृपितृभक्तीच्या चोवीस कथा एकत्र केल्या. सचित्र आवृत्त्यांमुळे हे पुस्तक घरोघर पोहोचले. त्यातील एका कथेत तान्झी नावाचा मुलगा, आईवडिलांच्या डोळ्यांच्या विकारावर हरिणीचे दूध मिळावे म्हणून, हरणाचे कातडे पांघरून कळपात शिरतो. शिकारी त्याच्यावर नेम धरतात, पण तो खरी हकीकत सांगतो आणि वाचतो. मराठी मुलांना येथे श्रावणबाळाची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. आंधळ्या आईबापांची सेवा करणाऱ्या श्याम नावाच्या पुत्राची जातककथा बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातून चीनमध्ये गेली. तिच्यातूनच तान्झीची कथा निघाली, असे अभ्यासक मानतात. ती जातककथा अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात भिंतीवर चितारलेली आहे.

परंतु ह्याच पुस्तकात गुओ जू नावाच्या माणसाचीही कथा आहे. तो अत्यंत गरीब होता. त्याची म्हातारी आई आपल्या वाट्याचा घास तीन वर्षांच्या नातवाला देई. हे पाहून गुओ जू पत्नीला म्हणाला, की मूल पुन्हा होईल, आई काही पुन्हा मिळावयाची नाही. तेव्हा मुलाला पुरून टाकू. त्याने खड्डा खणला. तीन फूट खोल गेल्यावर त्याला सोन्याने भरलेले भांडे सापडले, आणि मूल वाचले. देवाने भक्तीचे फळ दिले, असे ही कथा सांगते. मात्र ज्या आजीसाठी हा खड्डा खणला गेला, तिला कोणीच काही विचारले नाही. आपला घास नातवाच्या मुखी घालणाऱ्या त्या म्हातारीने काय उत्तर दिले असते, हे सांगावयास पंडिताची गरज नाही.

आजीला कोणी विचारले नाही, तसे हे पुस्तक ज्यांच्या हाती दिले जाई त्या मुलांनाही कोणी विचारले नाही. त्यांपैकी एका मुलाने मोठेपणी स्वतः होऊन उत्तर दिले. हा मुलगा म्हणजे आधुनिक चिनी साहित्याचे थोर लेखक लू शुन होत. शाओशिंग गावी १८८१ साली त्यांचा जन्म झाला. ह्या चोवीस कथांचे सचित्र पुस्तक घरातील एका वडीलधाऱ्या माणसाने त्यांना भेट दिले होते. १९२६ साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी त्याची हकीकत सांगितली आहे. स्वतःच्या मालकीचे चित्रांचे पुस्तक मिळाले म्हणून मुलगा प्रथम हरखून गेला; परंतु गुओ जूच्या कथेने त्याची झोप उडाली. त्यांच्या घरची स्थिती त्या काळी खालावत चालली होती. आईवडील पैशांच्या विवंचनेत बोलत असताना ते त्याच्या कानी पडे. घरात वृद्ध आजी होती. वडिलांनी गुओ जूचा कित्ता गिरवावयाचे ठरविले, तर पुरले जाणारे मूल कोण, ह्याविषयी त्याला शंका उरली नाही. खड्ड्यात दर वेळी सोने सापडत नाही, एवढे मुलालाही कळते. पुस्तकाने शिकवू पाहिली भक्ती. मुलाच्या मनात बसली भीती, आणि आजीविषयी एक दुरावा.

ह्यावरून चीनमधील मोठ्या माणसांना मुले कळतच नव्हती, असे समजणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांना ती उत्तम कळत होती. तिसऱ्या शतकातील कवी च्वो स ह्यांनी आपल्या दोन लहान मुलींवर एक दीर्घ कविता लिहिली आहे. त्या मुली आरशासमोर बसून भुवया रंगविताना तोंड बरबटून घेतात, बागेत धावत जाऊन कच्ची फळे तोडतात, आणि मार बसणार असे दिसताच डोळे पुसत भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात. ताओ युआनमिंग ह्यांनी आपल्या पाच मुलांची थट्टा केली आहे : एकालाही अभ्यासाची गोडी नाही, तेरा वर्षांच्या दोघांना सहा आणि सात ह्यांतला फरक समजत नाही, आणि धाकट्याचे सारे लक्ष खाऊकडे.

ह्या सर्वांत हृदयाला भिडतो तो कवी दू फू. आठव्या शतकात चीनमध्ये मोठे बंड झाले आणि दुष्काळाने लोक हैराण झाले. ७५५ साली दू फू घरी पोहोचले, तेव्हा त्यांचे तान्हे मूल उपासमारीने मरण पावले होते. ७५७ साली दीर्घ विरहानंतर ते पुन्हा कुटुंबाकडे परतले. मुलींच्या अंगावर ठिगळे लावलेली, गुडघ्यांपर्यंत जेमतेम पोहोचणारी वस्त्रे होती. बापाने गाठोड्यातून थोडी प्रसाधने काढताच लहान मुलीने आईचे पाहून सारे तोंड रंगवून घेतले. मुले प्रश्न विचारीत बापाची दाढी ओढू लागली. आणि एक मूल आधीच गमावलेल्या त्या बापाला त्यांच्यावर रागावणे शक्य झाले नाही. हे सारे कवीने लिहून ठेवले आहे.

ही मुले खरी आहेत. पण ही कविता मुलांसाठी नव्हती. ती मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिलेली होती. चिनी साहित्याची ही मोठी विचित्र गोष्ट म्हटली पाहिजे, की कित्येक शतके खरे मूल मोठ्यांच्या पुस्तकात राहिले, आणि मुलांच्या हाती जे पुस्तक पडले त्यात खोटे मूल होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी ही स्थिती पालटू लागली. १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'वेड्याची रोजनिशी' ह्या लू शुन ह्यांच्या कथेचा शेवट मुलांना वाचविण्याच्या आर्त हाकेने होतो. १९२३ मध्ये ये शंगताओ ह्यांचा 'बुजगावणे' हा परीकथासंग्रह निघाला. ते स्वतः शिक्षक होते. त्यांचे बुजगावणे रात्री शेतात उभे राहून दुःखी माणसे पाहते, पण पाय रोवलेले असल्यामुळे कोणाच्याही मदतीला धावू शकत नाही. त्याच वर्षी तरुण लेखिका बिंग शिन शिक्षणासाठी अमेरिकेला निघाल्या, आणि तेथून त्यांनी बालवाचकांना पत्रे लिहिली. आजारपण, घराची ओढ, आईची आठवण, हे सारे त्यांनी मुलांशी बरोबरीच्या नात्याने बोलावे तसे सांगितले. आज चीनमधील माध्यमिक शाळेच्या पाठ्यपुस्तकात लू शुन ह्यांच्याच बालपणाचा एक पाठ असतो. त्यात घरामागची बाग आहे, बर्फात चाळणी टेकवून धरलेली पाखरे आहेत, आणि गुरुजी वाचनात तल्लीन झाले असता हळूच चित्रे काढणारी मुलेही आहेत. पाठ्यपुस्तकात अशा खोड्यांना जागा मिळावी, हे त्या पुस्तकाला भूषणावह आहे.

अलीकडच्या लेखकांपैकी त्साओ वेनश्वान ह्यांना २०१६ साली हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. मुलांच्या पुस्तकात इतके दुःख कशाला, असे त्यांच्याविषयी कोणी म्हणू शकेल. परंतु मुलांच्या आयुष्यात दुःख येतच असते. ते पुस्तकातून वगळल्याने नाहीसे होत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'कांस्य आणि सूर्यफूल' ह्या कादंबरीत पुन्हा एक अत्यंत गरीब घर आहे, आणि त्या घरात पुन्हा एक म्हातारी आजी आहे. घरातला मुलगा मुका. गावात सूर्यफूल नावाची एक पोरकी मुलगी असते. तिचे वडील पाण्यात बुडून गेलेले. स्वतःच्याच पोटाची भ्रांत असलेले हे घर तिला आपली म्हणून आणते. एकाच मुलाला शाळेत घालण्याइतके पैसे असतात, तेव्हा तो मुका मुलगा युक्तीने ती संधी तिला मिळवून देतो. आणि पुढे ती शाळेतून शिकून येते ती अक्षरे त्याला लिहावयास शिकविते.