चंगळवाद कोणाचा?

कळव्याच्या नवपरिणीत जोडप्याने मधुचंद्रासाठी धीम्या लोकलने तासाभरावरची मुंबईच निवडावी आणि चार दिवस निव्वळ खात हिंडावे, याला आपले समीक्षक तत्काळ ‘चंगळवाद’ म्हणतील. महाबळेश्वरचे धुके मात्र त्यांना काव्यात्म वाटते!

चाळीतल्या घरात नवदांपत्याला एकांत नसतो, हे ‘मुंबईचा जावई’ने १९७० सालीच दाखवले. तो एकांत शहराने दिला इराण्याच्या फॅमिली रूममध्ये, ब्रून-मस्क्याच्या टेबलापाशी. आज बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियात (स्थापना १९२३) बेरी पुलाव मागवला, तर घरी सर्वांना वाढून शेवटी जेवणाऱ्या मुलीपुढे ताट गरम येते, आणि तेही नवऱ्याच्या ताटाबरोबर. यातला शृंगार ज्यांना दिसत नाही, त्यांनी पंक्तीत स्वतः कितीदा वाढले आहे?