‘तात्पर्य काय?’

जी. ए. कुलकर्णी यांचा ‘सांजशकुन’ हा कथासंग्रह १९७५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील कथांत ओळखीचे गाव नाही, कार्यकारणाची नेहमीची साखळी नाही. स्वप्नात घडावे तसे सारे घडते. अर्धशतक लोटले, तरी वाचकांच्या प्रतिक्रिया बहुधा दोनच. एक वर्ग ‘दुर्बोध’ म्हणून पुस्तक मिटतो. दुसरा ‘थोर’ म्हणून हात जोडतो. आमच्या महाविद्यालयातील प्रतीच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहिले आहे, ‘तात्पर्य काय?’ आपल्या वाचनाचे दुखणे या दोन शब्दांत नेमके सापडते.

ही सवय आम्हा शिक्षकांचीच देणगी होय. कविता असो वा कथा, सारांश लिहावा, गुण मिळवावेत आणि विसरून जावे, हा आमचा परिपाठ. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला परताव्याचे महत्त्व कोणी सांगायला नको. परंतु प्रत्येक पानाचा परतावा त्याच दिवशी आणि रोख मागणारा वाचक दीर्घ मुदतीची ठेव कधीच ठेवू शकत नाही.

वस्तुतः अद्भुत आपल्याला परके नाही. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की वालावलच्या परिसरात रात्र रात्र दशावतार रंगतो. लिखित संहिता नसते. साधा बाक क्षणात सिंहासन होतो, वेद चोरणारा संकासुर माणसांत येऊन थट्टामस्करी करतो. घोंगडी पांघरून बसलेली आजी त्याचे तात्पर्य विचारीत नाही. तिचा पदवीधर नातू मात्र ‘सांजशकुन’पुढे बिचकतो. शेजारच्या तेंडोलीत जन्मलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘राखी पाखरू’ हाती आले, तरी त्याची तीच गत. शिक्षणाने आपण त्याला काय दिले आणि त्याच्याकडून काय काढून घेतले, याचा हिशेब मांडायला हवा.

याचा अर्थ प्रत्येक दुर्बोध लेखन श्रेष्ठ, असा नव्हे. लेखकाच्याच मनात गोंधळ असेल, तर तसे स्पष्ट म्हणण्याचा वाचकाला पूर्ण अधिकार आहे. मात्र तो पुस्तक वाचून, कोठे अडलो हे दाखवून बजावावा. निमूट जोडलेले हातही वाचन टाळण्याचीच पळवाट ठरतात. ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा १९७३ चा पुरस्कार मिळाला, प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठताच जी. एं.नी तो परत केला. लेखकाने ज्या शिक्क्याची मातब्बरी मानली नाही, त्यावर वाचकाने का विसंबावे? सुनीताबाई देशपांडे यांची ‘प्रिय जी. ए.’ ही पत्रे २००३ साली ग्रंथरूपाने आली. मनापासून वाचणारा वाचक लेखकाशी किती आपुलकीने बोलू शकतो, हे त्यांत दिसते.

तेव्हा शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. महिन्यातून एक तास अशी एखादी कथा वर्गात नुसती वाचावी. प्रश्न एकच विचारावा : काय आठवते? त्या उत्तराला गुण नसावेत. ‘समजले नाही, पण विसरता येत नाही’ असे एखाद्या विद्यार्थ्याने निर्भयपणे सांगितले, तर तो तास सार्थकी लागला असे समजावे.