विश्लेषण : शॉप फ्लोअरवर माणूस कोसळला, तर शिकाऊ उमेदवाराने काय करायचे?

आयटीआयमधून बाहेर पडलेला अठरा-एकोणीस वर्षांचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू होतो. पहिल्या दिवशी त्याला हेल्मेट, सेफ्टी शूज, गॉगल मिळतो. सुरक्षेचा एक व्हिडीओ दाखवला जातो, रजिस्टरवर सही घेतली जाते आणि दुसऱ्या दिवशी तो मशीनजवळ उभा असतो. शेजारच्या पॅनेलवर काम करणारा माणूस विजेचा धक्का बसून कोसळला, तर पुढच्या पाच मिनिटांत काय करायचे, हे त्याने कधी हातांनी करून पाहिलेले असते का? अनेकदा उत्तर ‘नाही’ असेच असते. वहीत लिहिलेले असते, एवढेच.

पाचच मिनिटे का?

विजेच्या धक्क्याने हृदयाची लय बिघडते. ते रक्त ढकलत नाही, नुसते थरथरते. अशा वेळी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवले नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण ती कितीही तत्पर असली, तरी तिला वाहतुकीतून वाट काढायची असते, एमआयडीसीतला प्लॉट शोधायचा असतो, गेट ओलांडून नेमक्या शेडपर्यंत पोहोचायचे असते. तोवर जखमीजवळ डॉक्टर नसतो. असतो तो शेजारचा कामगार आणि त्याच्या हाताखालचा शिकाऊ.

कायद्यात काय आहे?

कारखाने कायदा, १९४८ च्या कलम ४५ ने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी बंधनकारक केली. ही पेटी प्रथमोपचाराचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीकडे असावी आणि ती व्यक्ती कामाच्या वेळेत कायम उपलब्ध असावी, असेही त्यात म्हटले. पाचशेहून अधिक कामगार असतील तर रुग्णवाहिका कक्ष हवा. आता या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. त्यातही प्रथमोपचार पेटी आहेच. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ च्या कलम १८ नुसार उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे. मात्र कलम १४ ने कारखान्यातील आरोग्य व सुरक्षेच्या तरतुदी त्यालाही लागू केल्या आहेत आणि कलम १६ नुसार त्याला इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर आहे.

म्हणजे कागदावर उमेदवाराला संरक्षण आहे. पण या सगळ्या तरतुदी त्याच्याकडे ज्याला इजा होऊ शकते असा माणूस म्हणून पाहतात. दुसऱ्याला वाचवू शकणारा माणूस म्हणून कोणीच पाहत नाही. दीडशे माणसांमागे एक प्रमाणपत्रधारक पुरेसा आहे, हे गृहीतकही तपासायला हवे. तो जेवायला गेला असेल, दुसऱ्या शेडमध्ये असेल किंवा जखमी झालेला माणूस तोच असेल तर? आणि दहापेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपपर्यंत तर यातले फारसे काही पोहोचतच नाही. आयटीआय झालेली कितीतरी मुले पुढे अशाच ठिकाणी नोकरीला लागतात.

मग आयटीआयत शिकवत नाहीत का?

शिकवतात. इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांतच प्रथमोपचार आणि विजेचा धक्का बसलेल्याची सुटका हा भाग येतो. प्रश्न आहे तो काय शिकवले जाते आणि कसे, याचा. शेफर, सिल्व्हेस्टर, नेल्सन या कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या जुन्या पद्धती प्रशिक्षणार्थींच्या कितीतरी तुकड्यांनी आकृत्या काढून पाठ केल्या. माणसाला पालथे घालून पाठ दाबणे, हात वर-खाली करणे अशा या पद्धती. वैद्यकशास्त्राने त्या साठ वर्षांपूर्वीच मागे टाकल्या.

त्यांची जागा घेणाऱ्या सीपीआरचा इतिहास इलेक्ट्रिशियनच्या वर्गात आवर्जून सांगावा असा आहे. छाती दाबण्याची आजची पद्धत १९६० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्समधून पुढे आली. ती मांडणाऱ्या तिघांपैकी विल्यम कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते, तर इलेक्ट्रिकल इंजिनीअर होते. विजेच्या तारांवर काम करणारे लाइनमन धक्क्याने दगावत होते, म्हणून वीज कंपन्यांनी या संशोधनाला पैसा पुरवला होता. जे तंत्र वीज कामगारांच्या मृत्यूंमुळे जन्माला आले, तेच आपल्याकडे वीज कामगार होऊ घातलेल्या मुलाला दोन गुणांच्या प्रश्नापुरते भेटावे, हे विचित्र आहे.

सीपीआर वाचून येत नाही. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचे, हे वाक्य कोणीही पाठ म्हणेल. पण पाच सेंटिमीटर म्हणजे किती जोर लावायचा, आणि दोन मिनिटांत आपलेच हात कसे भरून येतात, हे पुतळ्यावर सराव केल्याशिवाय कळत नाही.

प्रत्येक ट्रेडचा धोका वेगळा

सगळ्यांना एकच व्याख्यान देण्यातही अर्थ नाही. इलेक्ट्रिशियनने आधी मेन स्विच बंद करायचा. अडकलेल्या माणसाला तोवर हात लावायचा नाही. वेल्डरला भाजल्यावरचा उपचार यायला हवा: साधारण वीस मिनिटे वाहते साधे पाणी, टूथपेस्ट, हळद, ग्रीस काहीही नाही. ग्राइंडिंगवर डोळ्यात कण गेला की सोबती रुमालाच्या टोकाने तो काढायला बघतो. ही ‘मदत’ बहुतेक शॉपमध्ये पाहायला मिळते आणि ती बुबुळाचे नुकसान करू शकते. रुतलेला कण काढायचा नसतो. डोळा न दाबता झाकायचा आणि दवाखाना गाठायचा. रसायन उडाले असेल, तर मात्र एक क्षण न दवडता डोळा पाण्याने धुवत राहायचा.

पॉवर प्रेसवर बोट तुटणे हा वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगातला जुना रोग. तेव्हा जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचे आणि तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, मग ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात टाकले, तर पेशी खराब होतात आणि जोडण्याची संधी जाते. टाकी किंवा सांडपाण्याच्या चेंबरमध्ये कोणी बेशुद्ध पडला, तर पहिला धडा उलटाच आहे: आत उतरायचे नाही. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरला आणि तिघेही गेले, अशा बातम्या नव्या नाहीत.

एक दिवस कोण देणार?

हरकत ठरलेली असते. उत्पादन थांबते, आणि शिकाऊ तर वर्षभराने निघून जाणार, मग खर्च आपण का करायचा? जर्मनीतील व्यवस्था इथे पाहण्यासारखी आहे. तेथे वीसपेक्षा जास्त कर्मचारी हजर असलेल्या उत्पादन उद्योगात दहा टक्के लोक प्रशिक्षित प्रथमोपचारक असावे लागतात, दर दोन वर्षांनी उजळणी होते आणि अभ्यासक्रमाची फी अपघात विमा संस्था भरते. खर्च एका मालकाच्या माथी न मारता सगळ्यांत वाटला जातो, त्यामुळे ‘मी का’ हा प्रश्न उरत नाही.

आपल्याकडे एवढ्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहेच. त्या कराराची नोंद होताना प्रथमोपचाराचा एक दिवसाचा प्रात्यक्षिक दाखला मागता येईल. आयटीआयत हा भाग लेखी न ठेवता प्रात्यक्षिक परीक्षेत, पुतळ्यावर घेता येईल. पुतळ्याची किंमत कार्यशाळेतल्या एका लेथपुढे किरकोळ आहे. प्रशिक्षण देणाऱ्या सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेड क्रॉससारख्या संस्था आधीपासून आहेत.

अडचण खरी आहे ती वेगळीच. शॉपमध्ये शिकाऊ सर्वात खालच्या पायरीवर असतो. ‘साहेबांना विचारल्याशिवाय बटणाला हात लावू नको’ हे त्याच्या अंगी पहिल्या आठवड्यातच मुरते. असा मुलगा इमर्जन्सी स्टॉप दाबेल? सुपरवायझर जखमीला गाडीत कोंबून नेऊ पाहत असेल, तर ‘थांबा, मान हलवू नका’ म्हणेल? त्यामुळे प्रशिक्षण एकट्या शिकाऊला देऊन भागणार नाही. त्याच दिवशी त्याचा सुपरवायझरही त्याच पुतळ्यासमोर गुडघ्यावर बसलेला हवा. अपघातात मशीन थांबवल्याबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही, हे व्यवस्थापनाने लेखी द्यायला हवे.

आणि दाखल्याची वाट न पाहता उद्या सकाळी करता येईल असे एक काम आहे. प्लॉट क्रमांक, जवळची खूण, कोणत्या गेटने आत यायचे आणि प्रथमोपचार पेटीची किल्ली रात्रपाळीत कोणाकडे असते, हे फळ्यावर मराठीत आणि हिंदीत ठळक लिहायचे, आणि १०८ वर ते न अडखळता कसे सांगायचे, याचा नव्या मुलाकडून एकदा मोठ्याने सराव करून घ्यायचा.