नाणं तोलायचं की पाहायचं?

सोनं म्हटलं की आपण आधी विचारतो, वजन किती आणि आजचा भाव काय. सोन्याचं नाणं हातात आलं तरी तेच. त्यावरचं चित्र बघायचं राहूनच जातं. मला ही सवय चांगली वाटत नाही. का, ते सांगतो.

समुद्रगुप्ताचं वीणावादक नाणं घ्या. "समुद्रगुप्त वीणा वाजवत असे" एवढं एका ओळीचं उत्तर लिहून मुलं पुढे जातात. नाणं आहे चौथ्या शतकातलं, वजन पाऊण तोळ्याहून कमी, रुंदी जेमतेम दोन सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत राजा आसनावर मांडी घालून बसला आहे. मांडीवर धनुष्यासारखी वाकलेली वीणा, अंग उघडं, जवळ शस्त्र नाही. प्रयागच्या स्तंभलेखात याच राजाच्या विजयांची लांबलचक यादी आहे. लोकांनी आपल्याला असंही पाहावं, असं त्याला वाटलं असणार!

आता ठसा कोरणाऱ्याचा विचार करा. त्याला हे सगळं धातूच्या ठशात उलटं आणि खोल कोरायचं होतं. ठशात जिथे खळगा, तिथे नाण्यावर उठाव. ब्राह्मी अक्षरंसुद्धा उलटी. मग दोन ठशांमध्ये सोन्याची चकती ठेवून वरून घाव घालायचा. मूर्तिकाराला घडवताना मूर्ती समोर दिसते, याला ती मनातच पाहावी लागली. त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही.

१९४६ साली तेव्हाच्या भरतपूर संस्थानात बयाणा गावाजवळ गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यातल्या १८२१ नाण्यांची नोंद झाली. मूळचे कोल्हापूरकडचे डॉ. अ. स. अळतेकर यांनी केलेली त्यांची सूची १९५४ साली प्रसिद्ध झाली. काही नाणी मात्र त्याआधीच मुशीत गेली होती. सोनं वितळूनही सोनंच राहिलं, पण त्या हातांचं काम कायमचं गेलं.

दिवाळीला आपल्यापैकी कितीतरी जण सराफाकडून लक्ष्मीचं नाणं आणतात. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या नाण्यांवरही कमळावर बसलेली लक्ष्मी आहे. तिच्याशेजारी आपली आजची लक्ष्मी ठेवून बघा. नाक-डोळे कसे तरी उमटलेले, हात काठीसारखे. आपण शुद्धतेचा शिक्का तपासतो, देवीचा चेहरा तपासत नाही. पुढच्या वेळी दुकानात भिंग मागून घ्या आणि चांगलं कोरलेलं नाणंच मागा. गिऱ्हाईक मागेल, तरच कोरणारा मन लावून कोरेल.