हृदयाचा रिपोर्ट वाचणारी, तुम्हाला न दिसणारी माणसे

रक्ताच्या रिपोर्टमध्ये पंधरा-वीस आकडे असतात, तरी तुम्ही विचारता, "डॉक्टर, सगळं नीट आहे ना?" आता समजा, आकडे वीस नाहीत, काही कोटी आहेत. हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या छोट्याशा तुकड्यातल्या हजारो पेशी घेऊन, प्रत्येकीत सुमारे २०,००० जनुकांपैकी कोणती चालू आहेत हे आजची यंत्रे मोजतात. ते नुसत्या डोळ्यांनी वाचणे कोणालाच शक्य नाही.

तिथे बायोइन्फर्मेटिक्सचा, म्हणजे जैवमाहितीशास्त्राचा माणूस लागतो. जर्मनीतल्या बाड नाउहाइम गावी पूर्वी हृदयरोगी खनिज पाण्याच्या स्नानासाठी जात. आज तिथे हृदय व फुप्फुस संशोधनाची माक्स प्लांक संस्था आहे आणि तिच्यात बायोइन्फर्मेटिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. २०२० साली या विभागाने 'टोबियस' ही संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. जनुके चालू-बंद करणारी प्रथिने डीएनएवर नेमकी कुठे बसली आहेत, याच्या खुणा ती शोधते. कोणालाही वापरायला खुली आहे, हे मला विशेष आवडते.

अशा कामाला 'मदतनीस विभाग' म्हणतात. माझ्या मते हे नाव तोकडे आहे. कारण सांगतो. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. अमेरिकेत काही रुग्णांना त्याचा 'दोषी जनुकबदल सापडला' असे रिपोर्ट मिळाले होते. पुढे ते बदल निरुपद्रवी ठरले, कृष्णवर्णीय लोकांत ते बऱ्यापैकी आढळतात. २०१६ साली हे प्रसिद्ध झाले. रक्त बरोबर होते, यंत्रही बरोबर होते. चुकली ती तुलना, कारण तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांत कृष्णवर्णीय पुरेसे नव्हते. थोडे जरी असते तरी चूक बहुधा टळली असती. तो रिपोर्ट घेऊन घरी गेलेल्या माणसाच्या मुलाबाळांचा विचार करा!

आपले काय? 'जीनोम इंडिया' प्रकल्पात सुमारे १०,००० भारतीयांचे जनुकीय वाचन झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते संशोधकांना खुले झाले. चांगली सुरुवात आहे. पण महागडे यंत्र आले की फोटो छापून येतो. त्यातून निघालेले आकडे तपासणाऱ्याची जागा भरली की नाही, हे कोणी विचारत नाही.

तुमची किंवा घरातल्या कोणाची हृदयासाठी जनुकचाचणी झाली असेल, तर रिपोर्ट जपून ठेवा. त्यावर 'अर्थ अनिश्चित' असे लिहिले असेल, तर दोन-तीन वर्षांनी तोच कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. तोवर त्या एका ओळीवरून औषध सुरू किंवा बंद करू नका.